नळी बदलते, नाद बदलतो

पुण्याहून अहिल्यानगरच्या रस्त्याने निघाले, की शिक्रापूरनंतर रांजणगावचा महागणपती लागतो आणि त्याच्या पुढे औद्योगिक वसाहतीला खेटून कारेगाव. कारखाने आले तशा गावात भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. मराठवाडा, विदर्भ आणि उत्तरेकडून आलेली तरुण मुले या खोल्यांत राहतात. एकाची पहिली पाळी संपते तेव्हा शेजारच्या खोलीतला रात्रपाळीसाठी झोप काढत असतो.

समजा, अशाच एका खोलीत एक इलेक्ट्रिक गिटार आहे. सोबत कोणाकडून तरी वापरलेला म्हणून घेतलेला, काचेच्या नळ्यांचा, वीस वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर. वादकाची तक्रार अशी, की आवाजाचे बटण एकवर असले तर काही ऐकू येत नाही, आणि दोनवर नेले तर भिंतीवर थाप पडते. त्यातच हळू, स्वच्छ वाजवायचे म्हटले तरी सूर खरखरतो. कोणीतरी त्याला सांगते, ‘पहिली नळी बदल. कमी गेनची टाक. सारे ठीक होईल.’

हा सल्ला खरा की खोटा? उत्तर ‘अर्धा खरा’ असे आहे. उरलेला अर्धा भाग समजून घेतला नाही, तर पैसे वाया जातात आणि निष्काळजीपणा झाला तर जिवाशीही गाठ पडू शकते. म्हणून या छोट्याशा अदलाबदलीमागचे शास्त्र थोडे सविस्तर पाहू.

कालवा आणि त्याचा दरवाजा

शिरूर तालुक्यातील शेतकऱ्याला कालव्याचा दरवाजा समजावून सांगावा लागत नाही. एक माणूस हाताने चाक फिरवतो आणि त्या अल्प श्रमाने हजारो लिटर पाण्याचा प्रवाह कमी-अधिक होतो. पाणी ढकलण्याचे बळ त्या माणसाचे नसते, ते धरणातल्या साठ्याचे असते. माणूस फक्त नियंत्रण करतो.

काचेची निर्वात नळी नेमके हेच करते. इंग्रजांनी तिला ‘व्हॉल्व्ह’, म्हणजे झडप, असे नाव दिले. नळीच्या पोटातील तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि शेकडो व्होल्टचा धन दाब असलेल्या एनोडकडे झेपावतात. मध्ये तारेची एक बारीक जाळी असते, तिला ग्रिड म्हणतात. गिटारच्या तारांखालील चुंबकीय पिकअपमधून निघणारा इवलासा संदेश या जाळीला दिला जातो. जाळीवरचा दाब किंचित बदलला, की एनोडकडे जाणारा प्रवाह मोठ्या प्रमाणात बदलतो. लहान संदेशाची मोठी प्रतिकृती तयार होते. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये ही जाळी नळीत बसवली आणि ध्वनिवर्धनाचे युग सुरू झाले.

गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये नळ्यांचे दोन गट असतात. लहान, बोटाएवढ्या नळ्या संदेश वाढवत नेतात आणि त्याला रंग देतात, हा प्रीअ‍ॅम्प. मोठ्या नळ्या स्पीकरचा पडदा हलवण्याइतकी शक्ती पुरवतात, हा पॉवर अ‍ॅम्प. आजचा विषय फक्त पहिल्या गटाचा आहे.

आपल्याकडची नळी

आज पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना नळी नवी नाही. बटण फिरवल्यावर रेडिओ लगेच बोलत नसे. आधी मागच्या पुठ्ठ्याच्या भोकांतून नारिंगी उजेड दिसे, धूळ तापल्याचा वास येई आणि मग निवेदकाचा आवाज हळूहळू वर येई. हा ‘रेडिओ तापण्याचा’ वेळ म्हणजे कॅथोड तापण्याचा वेळ. ठाण्यात मर्फी रेडिओचा कारखाना होता. लग्नमंडपातील आणि गणेशोत्सवातील कर्ण्यांमागेही अशाच नळ्या तेवत असत.

या नळ्या काही काळ आपल्या देशातच तयार होत होत्या. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये रेडिओसाठी लागणाऱ्या नळ्यांचे उत्पादन सुरू केले. ‘बेल’ अशी अक्षरे असलेल्या त्या नळ्या आज परदेशी गिटारवादकही शोधत असतात. याच कंपनीचा पुण्याचा कारखाना १९७९ मध्ये सुरू झाला तो अंधारात पाहण्याच्या उपकरणांतील प्रतिमावर्धक नळ्यांसाठी. त्याही निर्वात नळ्याच, फक्त ध्वनीऐवजी प्रकाश वाढवणाऱ्या.

पुढे ट्रान्झिस्टर आला आणि नळी घराघरांतून हद्दपार झाली. गंमत अशी, की आज गिटारवादकांत सर्वाधिक वापरली जाणारी ‘१२एएक्स७’ ही नळी आणि ट्रान्झिस्टर ही दोन्ही १९४७ या एकाच वर्षाची अपत्ये. नळी अमेरिकेतील आरसीए कंपनीची, ट्रान्झिस्टर तेथीलच बेल प्रयोगशाळेचा. धाकट्याने थोरलीला सगळीकडून बाहेर काढले, मात्र गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून त्याला ते पूर्णपणे साधले नाही.

गेन म्हणजे आवाज नव्हे

ते का साधले नाही, हे कळण्यासाठी ‘गेन’ आणि ‘आवाज’ यांतील फरक समजावा लागतो. बहुतेक गैरसमज येथेच होतात.

गेन म्हणजे संदेश किती पटींनी वाढवला याचे प्रमाण. आवाज म्हणजे शेवटी स्पीकरमधून किती शक्ती बाहेर पडली ते. वीस वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर गेन कितीही वाढवला तरी साधारण वीस वॉटचाच राहतो. मग वाढलेला गेन जातो कुठे? प्रत्येक नळीची एक मर्यादा असते. संदेश त्या मर्यादेपलीकडे वाढू लागला, की त्याच्या लाटेचे शेंडे चेपले जातात. कालवा काठोकाठ भरला असता दरवाजा आणखी उघडून उपयोग नसतो, तसेच हे. या चेपण्यातून मूळ स्वराच्या पटीतले नवे स्वर जन्माला येतात. त्यालाच वादक ‘डिस्टॉर्शन’ म्हणतात.

रेडिओच्या अभियंत्याला हा दोष वाटे, गिटारवादकाने तो गुण मानला. आपल्याकडे ही कल्पना परकी नाही. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी लावतात, तेव्हा घोडीचा पृष्ठभाग घासून त्यावर तार अशी टेकवतात, की ती कंप पावताना घोडीला हलकेच स्पर्श करत राहते. घोडी आणि तार यांमध्ये सूत सरकवून ती जागा नेमकी केली जाते. तार मोकळी असती तर सूर ‘स्वच्छ’ आला असता, पण त्या स्पर्शामुळे एका षड्जातून अनेक स्वर झळकू लागतात. सूत केसभर सरकले तरी तंबोऱ्याचा आवाज मोठा होत नाही, त्याची जात बदलते. प्रीअ‍ॅम्पची नळी बदलणे हे बरेचसे असे सूत सरकवण्यासारखे आहे. तंत्र अगदी वेगळे, परिणामाची जातकुळी मात्र एक.

ट्रान्झिस्टरचे मंडल मर्यादेपर्यंत शुद्ध राहते आणि मर्यादा आली की बहुधा एकदम तुटते. नळी आधीपासूनच थोडी वाकू लागते. बोटांनी तार हलकी छेडली तर स्वच्छ, जोरात छेडली तर दाणेदार, असा जो प्रतिसाद वादकाला मिळतो, तो या सावकाश वाकण्यातून. म्हणूनच कारेगावच्या खोलीतील त्या तरुणाने जड, गरम होणारे आणि नाजूक यंत्र घेतले.

एका कुटुंबातील पाच नळ्या

प्रीअ‍ॅम्पमधील नळी बदलता येते, कारण नऊ पिनांच्या काही नळ्या एकमेकींच्या जागी बसतील अशाच बनवल्या गेल्या आहेत. प्रत्येकीच्या पोटात दोन स्वतंत्र ट्रायोड असतात, पिनांची मांडणी सारखी असते आणि तंतूला लागणारा विद्युतदाबही सारखा असतो. फरक असतो तो प्रवर्धनांकात, म्हणजे नळी जास्तीत जास्त किती पटींनी संदेश वाढवू शकते या आकड्यात. १२एएक्स७ चा अंक १००. ५७५१ चा ७०. १२एटी७ चा ६०. १२एवाय७ चा ४४. आणि १२एयू७ चा २० च्या आत-बाहेर.

युरोपात याच नळ्यांना वेगळी नावे आहेत. १२एएक्स७ म्हणजेच ईसीसी८३, १२एटी७ म्हणजे ईसीसी८१ आणि १२एयू७ म्हणजे ईसीसी८२. युरोपीय नावातील ‘ई’ हे ६.३ व्होल्टच्या तंतूचे चिन्ह, दोन ‘सी’ म्हणजे दोन ट्रायोड. अमेरिकी नावातील १२ हा आकडा १२.६ व्होल्टचा निदर्शक. दोन्ही खरे आहेत, कारण या नळीच्या तंतूचे दोन भाग असतात. ते एकामागे एक जोडले तर १२.६ व्होल्ट लागतात, शेजारी-शेजारी जोडले तर ६.३.

आकडे पाहून वाटते, की १२एएक्स७ काढून १२एवाय७ लावली तर गेन निम्म्याहून खाली येईल. प्रत्यक्षात तसे होत नाही. नळीचा अंक ही तिची क्षमता, मंडलात मिळणारा गेन ही तिची कमाई. ती कमाई एनोडला जोडलेल्या रोधकावर आणि नळीच्या स्वतःच्या अंतर्गत रोधावर अवलंबून असते. गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये एनोडला बहुधा एक लाख ओहमचा रोधक असतो. १२एएक्स७ चा अंतर्गत रोध साठ हजार ओहमच्या वर असल्याने तिच्या शंभरांपैकी सुमारे साठच पट पदरात पडतात. १२एवाय७ चा अंतर्गत रोध बराच कमी असल्याने तिच्या ४४ पैकी सुमारे ३५ मिळतात. ५७५१ देते सुमारे ४४. १२एटी७ चा अंक तिच्याहून कमी, पण अंतर्गत रोधही कमी, म्हणून या जागी दोघी जवळपास बरोबरीने धावतात. १२एयू७ मात्र सुमारे पंधरा पटींवर थांबते.

कानाच्या भाषेत बोलायचे तर १२एएक्स७ वरून ५७५१ वर गेल्यास एका टप्प्याचा गेन तीन डेसिबलच्या आत घटतो. १२एवाय७ वर गेल्यास पाच डेसिबलच्या आसपास आणि १२एयू७ वर गेल्यास बारा. दहा डेसिबलचा फरक आपल्या कानाला साधारण निम्मा-दुप्पट वाटतो, हे लक्षात घेतले तर पहिला बदल किती सौम्य आणि शेवटचा किती ठळक, हे कळते. त्यातच एका नळीत दोन ट्रायोड असल्याने, दोन्ही एकामागे एक लागलेले असतील तर परिणाम दोनदा होतो. पाचाचे दहा होतात, बाराचे चोवीस. नळी विकत घेण्यापूर्वी अ‍ॅम्प्लिफायरचा आराखडा पाहावा तो यासाठी.

एक इशारा आवश्यक आहे. मंडलातील रोधक १२एएक्स७ चे स्वरूप पाहून निवडलेले असतात. १२एटी७ आणि १२एयू७ यांना अधिक प्रवाहाची सवय. त्या तेथे निमूटपणे चालतात, पण त्यांच्या सुरात काहींना कोरडेपणा किंवा मंदपणा जाणवतो. १२एवाय७ आणि ५७५१ सहसा अधिक सहज मिसळतात. शेवटी निवाडा कानाचा.

फुलर्टन ते लंडन

या एका नळीच्या फरकाने संगीताचा इतिहास कसा वळला, याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९५० च्या दशकात ‘बेसमन’ नावाचा अ‍ॅम्प्लिफायर बनवला. तो होता बेस गिटारसाठी. सूर गोल आणि स्वच्छ राहावा म्हणून पहिल्या जागी १२एवाय७ बसवली होती.

पुढे १९६२ मध्ये लंडनमधील वाद्यविक्रेते जिम मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेसमनचा आराखडा समोर ठेवून स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर तयार केला. तोच ‘जेटीएम ४५’. आराखडा जवळपास तोच, पण पहिल्या जागी ईसीसी८३ आली. वेगळे स्पीकर, वेगळे ट्रान्सफॉर्मर आणि इतर काही बदलही होते, त्यामुळे सारे श्रेय एका नळीला देणे अन्यायाचे ठरेल. तरीही पहिल्याच टप्प्यावर गेन वाढल्याने तो अ‍ॅम्प्लिफायर लवकर तापू, लवकर गुरगुरू लागला, हे खरे. रॉक संगीताचा जो करकरीत सूर पुढे जगभर पसरला, त्याच्या मुळाशी असलेल्या कारणांत या अदलाबदलीचेही एक स्थान आहे. कमी गेनची नळी लावू पाहणारा आजचा वादक एका अर्थाने मार्शल यांच्या दुकानातून उलट फुलर्टनकडे चालत असतो.

कोणती जागा, कोणता परिणाम

सर्व लहान नळ्या एकाच कामाच्या नसतात. गिटारची तार जेथे जोडली जाते त्या खोबणीजवळची नळी बहुधा पहिली. ती ज्या संदेशाला हात लावते तो सर्वांत लहान असतो, म्हणून तिच्या बदलाचा परिणाम सर्वांत मोठा. गेन कमी करायचा असेल तर सुरुवात येथून करावी आणि एका वेळी एकच नळी बदलावी. दोन-तीन एकदम बदलल्या तर कोणत्या बदलाने काय झाले हे कळतच नाही.

पॉवर नळ्यांच्या शेजारची शेवटची लहान नळी बहुधा संदेशाच्या दोन उलट्या प्रतिमा तयार करून मोठ्या नळ्यांच्या जोडीला पुरवते. अनेक मार्शल अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तेथे १२एएक्स७ असते, १९६० च्या दशकातील अनेक फेंडरमध्ये १२एटी७. येथील बदलाने गेनपेक्षा पॉवर नळ्या किती जोराने ढकलल्या जातात यात फरक पडतो. स्प्रिंगच्या घुमाऱ्याला, म्हणजे रिव्हर्बला, चालवणारी नळीही बहुधा १२एटी७ असते आणि तिला चांगलाच प्रवाह पुरवावा लागतो. ती काढून तेथे १२एएक्स७ लावण्याचा मोह टाळावा.

याहून महत्त्वाचे म्हणजे, नऊ पिनांची प्रत्येक नळी या कुटुंबातील नसते. ईसीसी८८ किंवा रशियन ६एन२पी खोबणीत नेमकी बसते, पण तिच्या तंतूची जोडणी वेगळी. ती लावली तर नळी किंवा अ‍ॅम्प्लिफायर बिघडण्याचा संभव असतो. किल्ली कुलपात शिरली म्हणजे कुलूप तिचेच, असे समजू नये.

प्रीअ‍ॅम्पची नळी बदलल्यावर मंडलाची पुन्हा जुळवणी करावी लागत नाही, कारण कॅथोडला जोडलेला रोधक तिचा तोल आपोआप सांभाळतो. पॉवर नळ्यांचे तसे नाही. त्या बहुधा जोडीने जुळवून घ्याव्या लागतात आणि पुष्कळ यंत्रांत बायस तपासावा लागतो. ते काम जाणकाराकडेच सोपवावे.

हात घालण्यापूर्वी

आता सर्वांत गंभीर भाग. नळीच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तीनशे ते पाचशे व्होल्टपर्यंत दाब खेळत असतो. विजेची पिन काढल्यावरही आतील कपॅसिटर तो दाब धरून ठेवू शकतात. म्हणून यंत्राचा धातूचा सांगाडा, म्हणजे चॅसिस, उघडायचा नाही. ज्या यंत्रात लहान नळ्या मागच्या बाजूने, चॅसिस न उघडता, हाताला येतात तेथेच हा उद्योग घरी करावा. इतर ठिकाणी तंत्रज्ञाला गाठावे.

क्रम साधा आहे. बटण बंद करावे आणि पिन भिंतीतून काढावी. नळ्या थंड होईपर्यंत किमान पंधरा मिनिटे थांबावे. कोणती नळी कोठे होती याची खूण करून ठेवावी. नळीवर धातूची टोपी असेल तर ती किंचित दाबून फिरवली की निघते. नळी टोकाशी न धरता बुडाशी धरून, हलकेच गोल डोलवत वर ओढावी. नवी नळी लावताना पिनांमधील मोठी फट आणि खोबणीतील फट जुळवावी. वाकलेली पिन जोर लावून घुसवली तर काच तडकते आणि निर्वातपणा संपतो. मग आतला चंदेरी डाग पांढरा पडतो, ही मेलेल्या नळीची खूण.

यंत्र सुरू करताना आवाज शून्यावर असावा आणि स्पीकर जोडलेला असावा. स्पीकर न जोडता नळीचा अ‍ॅम्प्लिफायर चालवणे म्हणजे त्याच्या ट्रान्सफॉर्मरचा जीव धोक्यात घालणे. काही मिनिटांनी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने नळीवर अलगद टिचकी मारावी. स्पीकरमधून घंटेसारखा नाद किंवा शीळ आली तर ती नळी कंपनांनी बोलणारी, पहिल्या जागेसाठी अयोग्य. जुनी नळी फेकू नये. हा बदल न पटल्यास पाच मिनिटांत पूर्वस्थितीवर येता येते, हाच तर त्याचा मोठा गुण.

भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट आधी तपासावी, ती म्हणजे अर्थिंग. गिटारच्या तारा वायरीमार्फत अ‍ॅम्प्लिफायरच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. तीन भोकांचे सॉकेट भिंतीत आहे, पण मधल्या भोकामागे अर्थिंगची तारच नाही, असे अनेक ठिकाणी आढळते. अशा वेळी यंत्रात गळती झाली तर ती वादकाच्या बोटांतून वाट शोधते. सुराची चर्चा त्यानंतरची.

अमेरिकेतील नातेवाइकाने प्रेमाने आणून दिलेल्या अ‍ॅम्प्लिफायरबाबतही तशीच सावधगिरी हवी. तेथील वीज १२० व्होल्टची, आपली २३० व्होल्टची. दाब निवडण्याची सोय नसेल तर योग्य क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर मध्ये हवाच.

नळी मिळणार कोठे?

पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली, रविवार-बुधवारचा जुना बाजार, मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि चोर बाजार या ठिकाणी इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा शोध घेणाऱ्यांच्या फेऱ्या होत आल्या आहेत. एखाद्या मोडक्या रेडिओतून उपयोगी नळी निघते, नाही असे नाही. पण चाचणी न केलेली जुनी नळी हा जुगार असतो. छापील अक्षरे पुसून नवी छापण्याचे प्रकारही जगभर घडतात, म्हणून नावावर न जाता चाचणी करून देणाऱ्याकडूनच नळी घ्यावी.

नव्या नळ्या आज मोजक्याच ठिकाणी तयार होतात. स्लोव्हाकियात जेजे, रशियात साराटोव्ह येथील कारखाना आणि चीनमधील काही उत्पादक. वेगवेगळ्या नावांच्या पुष्कळ नळ्या याच थोड्या भट्ट्यांतून निघतात. २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियातून होणारी निर्यात काही काळ अडली, तेव्हा जगभरच्या वादकांची धावपळ उडाली आणि किमती चढल्या. एके काळी बंगळूरला बनणाऱ्या वस्तूसाठी आपणही आता त्याच रांगेत उभे असतो.

पुन्हा कारेगावला

मग त्या तरुणाने काय करावे? त्याच्या दोन तक्रारी होत्या. पहिली, हळू वाजवतानाही सूर खरखरतो. खरखर पहिल्या नळ्यांतच निर्माण होत असेल, तर तेथे ५७५१ किंवा १२एवाय७ लावल्याने ती निवळेल. दुसरी, बटण एक आणि दोनच्या मध्ये अडकते. तीही सौम्य होईल. पूर्वी दोनवर मिळणारा आवाज आता तीनच्या आसपास मिळेल आणि मधल्या जागेत बोटांना खेळायला वाव राहील. अ‍ॅम्प्लिफायरच्या अंगचा सूं-सूं आवाजही थोडा कमी होईल.

पण त्याच्या मनात तिसरीच इच्छा असेल, म्हणजे भर मैफलीतला तो गुरगुरणारा सूर शेजाऱ्याची झोप न मोडता खोलीत हवा असेल, तर कमी गेनची नळी त्याला उलट दिशेने नेईल. सूर चेपण्यासाठी आता आवाज अधिक वाढवावा लागेल. त्या इच्छेला मास्टर व्हॉल्यूम असलेले यंत्र, एक-दोन वॉटचा लहान अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकरआधी शक्ती जिरवणारे अ‍ॅटेन्युएटर किंवा सरळ हेडफोन हेच उपाय. आणि सूर मुळात खरखरत असेल तो जुन्या नळीच्या, फाटलेल्या स्पीकरच्या किंवा गंजलेल्या खोबणीच्या दोषामुळे, तर आधी तो दोष शोधावा. आजाराचे निदान न करता औषध बदलण्यात अर्थ नाही.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. नळीचा वीस वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर ती सहज ओलांडतो, मग आत कोणतीही नळी असो. ती मर्यादा पाळणे हे शेवटी वादकाच्याच हातात राहते.

रांजणगाव परिसरात आज इलेक्ट्रॉनिक्सचे मोठे उद्योग आहेत. तेथे दिवसभर काम करणारा तरुण संध्याकाळी खोलीवर येऊन पाऊणशे वर्षांपूर्वीच्या आराखड्याची एक काचेची नळी हातात धरतो, तेव्हा तो भूतकाळात रमलेला असतोच असे नाही. यंत्राच्या आत काय चालले आहे हे ज्यात स्वतः पाहता येते, एक भाग बदलून लगेच ऐकता येते आणि चुकले तर परत फिरता येते, अशी फार थोडी साधने आता उरली आहेत. पिन काढून, पंधरा मिनिटे थांबून, अर्थिंगची खात्री करून त्याने ती नळी खुशाल बदलावी. त्या थोड्या गेनच्या बदल्यात शेजाऱ्याला झोप मिळाली आणि सुराला मोकळी जागा मिळाली, तर तो सौदा तोट्याचा म्हणता येणार नाही.